पोचल्यावरचा खराटा

हसू नका बरं, चहा थंडा झाला तरी चालन, पण आधी आयका. आमच्या वलगावच्या अंगणात कडूनिंब आहे. फागुनात कितीही झाडा, मांगं वळून पाहिलं का पानं पुन्हा तितकेच. ते पानं झाडायचं काम बाबाचं. पण घरातलं कोणी गावाले निघालं, का त्याचा 'पोचलो' म्हणून फोन येईपर्यंत बाबा खराट्याले हात लावत नव्हते. म्हणत, "माणूस निघाल्यावर लगेच झाडू नाही. तसं मयत उचलल्यावर झाडतात."

मागच्या वर्षी बाबा गेले.

परवा आईले घरी एकटी ठेवून मी अकोल्याले निघालो. अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरलेच फोन लावला. म्हटलं, तिच्या जिवाले घोर कायले?

"आई, पोचलो."

"खोटं काहून बोलतं रे? खराटा अजून वाजला नाही."

मले वाटलं, म्हातारी भ्रमली. अकोल्याच्या स्टँडवर उतरलो, पुन्हा फोन लावला. मी तोंड उघडाच्या आधीच फोनमधून अंगणातला आवाज येऊन राहिला होता. खर्र, खर्र.

आई म्हणे, "हां, आता पोचला."