रोल नंबरानं लावलेला गठ्ठा

चहा पाजून दर बारीला हेच काहून सांगायला लावता रे? बरं, ऐका.

मी एमबीए कॉलेजात शिपाई. कॉलेजातलं वातावरण कसं हाय, ते पोरांनी नाव न टाकता लिहून द्यायचं होतं. साखऱ्याच्या तांड्यावरची सविता मला म्हणली, "काका, कुणी लिहिलं ते कळणार न्हाई ना?"

"न्हाई गं लेकरा."

तिनं लिहिलं, मी तांड्यावरची म्हणून शिंदे सर टोमणे मारतात. मी मात्र परीक्षेच्या सवयीनं पोरांना रोल नंबरानं बोलावून कागद घेतले अन् तसेच लावले. गठ्ठा गेला शिंदे सरांकडंच. त्यांनी मोजून तिचा कागद काढला अन् भर वर्गात वाचला. पोरगी कॉलेज सोडून गेली.

"त्या म्हाताऱ्या शिपायानंच नाव फोडलं," असं सर सगळ्यांना सांगून राहिले.

मी तांड्यावर जाऊन सवितापुढं हात जोडले. पण जो माझी माफी मागंल, असा एकजण अजून बाकी हाय. शिंदे सर.