नाल्यावरच्या पुलाचे सल्लागार

तुम्हाला सांगितलं नसेल मी, आमच्या ह्यांना गेल्या वर्षी, म्हणजे जाऊन सहा महिने झाल्यावर, महापालिकेचं काम मिळालं.

हे पुलांचे इंजिनिअर. ज्या सल्लागार कंपनीत होते, तिच्या मालकांचा फोन आला. "वहिनी, साहेबांच्या डिग्रीची झेरॉक्स पाहिजे होती. नाल्यावरच्या पुलाच्या टेंडरमध्ये त्यांच्या अनुभवालेच सगळ्यात जास्त मार्क पडले."

"अहो, पण ते गेले ना!"

"बायोडाटा जुनाच लावला होता, वहिनी."

मी तडक महापालिकेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांना म्हटलं, "तुम्ही निवडलेला माणूस हयात नाही. त्यांचं नाव काढा."

त्यांनी चहा मागवला. "मॅडम, नाव काढलं तर टेंडर पुन्हा काढा लागते. काहून त्रास करून घेता? साहेबांचं नाव होऊन राहिलं ना!"

"आणि पूल तपासणार कोण? हे स्वतः नाल्यात उतरून एकेक खांब बघायचे. उद्या त्यांच्या नावावर पूल पडला तर?"

"मॅडम," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "जिवंत असलेले तरी कुठं येऊन राहिले साइटवर?"