नाव काय येतंय?

...आणि नाव कुणाचं? मकोखाचं! म्हणजे पीठ मी मळायचं, चटके मी खायचे, पहाटे उठून राजमा मी शिजत घालायचा, टुकटुक रिक्षाचं हँडल ओढून ओढून खांदा माझा निखळायचा, आणि गिऱ्हाईकानं पैसे पाठवले की त्याच्या फोनवर झळकणार काय, तर 'सिल्वेस्टर मकोखा'! हसताय? हसा, हसा. तुमचा तवा नाही ना तो!

तुम्हाला सांगते, आमच्या किटाले गावच्या बसस्टँडवर कुणालाही विचारा, टुकटुकमधली चपातीवाली कोण? शेंबडं पोरही सांगेल, 'लिनेटची आई'. सकाळी मी स्टँडवर, दुपारी इस्पितळाच्या फाटकाशी, संध्याकाळी मक्याच्या गिरणीपाशी, पण कुठंही गेले तरी लिनेटची आई. आणि रोख पैसे हल्ली देतंय कोण? भाजीवालीला फोनवर, न्हाव्याला फोनवर, चर्चमध्ये दानपेटी फिरायची ती बंद झाली, आता पाद्रीबुवा नंबर वाचून दाखवतात आणि सगळे माना खाली घालून बोटं चालवतात, मला आधी वाटायचं काय भक्ती ही! तर पैसे पाठवायची आमच्याकडे रीत अशी, की नंबर टाकायचा, समोर नाव येतं, आणि पिन दाबायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, "नाव काय येतंय?" कारण एक आकडा चुकला की पैसे गेले मोंबासाच्या कुणातरी बुवाला, आणि तो बुवा परत देतोय होय!

म्हणून माझ्या गाडीभोवती सकाळपासून हाच गजर. "नाव काय येतंय?" "मकोखा!" "हां, दाब!" "तुझ्याकडे?" "मकोखाच!" "दाब, दाब!" अहो, पाद्रीबुवा देवाचं नाव घेत नसतील इतक्यांदा मकोखाचं नाव माझ्या तव्यावर घेतलं जातं!

आता हा मकोखा कोण? माझे थोरले दीर. त्याचं असं झालं, धंदा सुरू करायचा म्हणून मी सिमकार्ड घ्यायला गेले, तर माझं ओळखपत्र सरकारदरबारी अडकलेलं. आज या, उद्या या. भाऊजी शेळी बघायला बाजारात आलेच होते, त्यांनी खिशातनं आपलं ओळखपत्र काढलं आणि असं टेबलावर आपटलं, जसं काही अख्खं दुकानच विकत घेतायत! "घ्या माझं! घरात काय तुझं-माझं असतं?" बरोबर आहे. घरात माझं-तुझं नसतंच. माझं ते त्यांचं, आणि त्यांचं तेही त्यांचंच.

सुरुवातीला बिचारे लाजायचे हो. कुणी रस्त्यात हाक मारायचं, "काय मकोखा, चपाती झकास होती!" तर हे इकडं-तिकडं बघायचे. मग हळूहळू म्हणायला लागले, "मग! आपल्याकडे पीठ नीटच मळतात." मग एक दिवस प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि गाडीशेजारी बसले. फुकट चहा, फुकट चपाती, वर कचुंबरी, आणि वर उपदेश! "लिनेटची आई, कांदा बारीक चिर. लिनेटची आई, त्या साहेबांना दोन घाल. लिनेटची आई, गाडी जरा सावलीत घे, मला ऊन लागतंय." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळाला तिखट कमी आहे असं तरी सांगत नाही!

आणि मग पडला बाँब. काय म्हणाले? असे दात कोरत कोरत... "मक्याची कापणी झाली की गाडी माझ्या जावयाला देऊ या. पोरगा रिकामा आहे. तू आता घरी आराम कर."

मी म्हटलं, "कुणाची गाडी?"

तर माझ्याकडे न बघता म्हणतात कसे, "नाव काय येतंय?"

तुम्हाला सांगते, उलथनं माझ्या हातात होतं. तापलेलं होतं. मी ते खाली ठेवलं, हे माझ्या आईबापाचे संस्कार! पण घाबरले, खोटं कशाला बोलू. कारण लाईन खरंच त्यांच्या नावाची. उद्या ओळखपत्र घेऊन दुकानात जाऊन बसले, की माझा नंबर त्यांच्या खिशात, गिऱ्हाईकांचे पैसे त्यांच्या खिशात, आणि मी घरी... आराम! लिनेटच्या बाबांना फोन लावला. ते ट्रकवर, कायम युगांडाच्या हद्दीवर रांगेत उभे. म्हणाले, "दादा आहे गं, जाऊ दे." जाऊ दे? गाडीबरोबर मीही जाऊ का? नाही म्हणजे नाही! तोवर माझं ओळखपत्र आलं होतं, म्हटलं, आता पैसे घ्यायची सोय माझ्या नावानं करते, नाहीतर नाव... बघा, इथंही नावच आलं!

गेले बँकेत. टायवाला साहेब. म्हणाला, कार्डाचं मशीन देतो, दुकानाचा पत्ता सांगा. मी म्हटलं, सकाळचा सांगू की दुपारचा? तो म्हणाला, "कायमचा." मी म्हटलं, साहेब, माझ्या दुकानाला चाकं आहेत. तो म्हणाला, "मग मशीन कुठं लावायचं?" आता ते मी सांगितलं असतं, पण गार्ड उभा होता. आणि स्टँडवर कार्ड कुणाकडे आहे हो? एकट्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंकडे, आणि त्या खातात अंडी, तीही फक्त पांढरं पांढरं!

मग आला एक चुणचुणीत पोरगा, नवीन कंपनीचा, चौकोनी ठिपक्याठिपक्यांचा कागद घेऊन. "आंटी, हा चिकटवा, गिऱ्हाईक फोटो काढेल, पैसे जमा!" चिकटवला. अहो, माझी निम्मी गिऱ्हाईकं बटणाच्या फोनवाली, त्यांच्या फोनात कॅमेरा नाही, टॉर्च आहे! एका मोटारसायकलवाल्यानं बिचाऱ्यानं बराच वेळ टॉर्च मारून बघितला, म्हणाला, "मावशी, काही दिसत नाही." वाफेनं कागदाला पापुद्रे आले, तेलानं ठिपके फुगले, आणि जनावरांच्या बाजारात मी सुटे द्यायला वळले तेवढ्यात शेळीनं खाल्ला. अख्खा! मी पोराला फोन केला, तर विचारतो, "शेळी कुणाची?" म्हणजे काय, तिच्याकडनं पैसे जमा होणार?

शेवटी स्टँडच्या कोपऱ्यावर छत्रीखाली एक मुलगी बसते, पैसे घ्यायचा धंद्याचा नंबर काढून देते. दुकान नको, मशीन नको, बटणाच्या फोनवर चालतो. पैसे काढताना थोडी कात्री लागते, लागू दे! तिनं माझं ओळखपत्र घेतलं, खटाखट लिहिलं, आणि मान वर करून विचारलं, "नाव काय येऊ दे?"

मी म्हटलं, "कुणाचं?"

तुम्ही म्हणाल, एवढं बोलणारी बाई, आणि हे विचारते? अहो, मला कुणी हे विचारलंच नव्हतं! लग्न झालं, पोर झाली, त्या दिवसापासून मी लिनेटची आई. सासूबाई गेल्या त्या मला लिनेटची आई म्हणतच गेल्या. मुलगी म्हणाली, "आई, 'लिनेटच्या आईची चपाती' टाकू? लोकांना ओळखीचं आहे, धंद्याला बरं." चांगली होती हो मुलगी, शहाणपणाचंच बोलली. पण मी म्हटलं, "नाही! टाक, फिलोमेना नेलिमा. पूर्ण टाक. एकही अक्षर गाळू नकोस!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐटीत नवा नंबर गाडीवर रंगवून स्टँडवर उभी. पहिलंच गिऱ्हाईक तो टॉर्चवाला. नंबर टाकला. "नाव काय येतंय?" मी मुद्दाम विचारलं, गोड आवाजात.

"फिलोमेना... नेलिमा?" त्याचं बोट थांबलं. "मावशी, घात झाला! तुमच्या नंबरात कुणीतरी बाई घुसलीय!"

"अरे, मीच ती!"

"काहीतरीच काय! तुम्ही लिनेटची आई!" आणि मागं वळून रांगेला ओरडला, "पिन दाबू नका रे! फिलोमेना येतंय!"

झालं! "फिलोमेना येतंय!" "माझ्याकडेही फिलोमेनाच!" "कोण आहे ही?" "चोर आहे, मोंबासाची असणार!" बसवाला हॉर्न मारतोय, चपात्या करपतायत, मी ओळखपत्र काढून गाडीच्या पायरीवर उभी राहिले, "ही बघा! मी! फिलोमेना!" तर एक मास्तरीणबाई फोटो निरखून म्हणतात, "छान आहे हो, पण ही तर तुमची धाकटी बहीण." आता ओळखपत्रावरचा फोटो आणि तव्यासमोरचं तोंड, ह्यात काही फरक पडणार की नाही? बाई, तुम्ही तरी कुठं तशा राहिलात!

आणि तेवढ्यात, खुर्ची काखोटीला मारून... भाऊजी! सगळे त्यांच्याकडे धावले. "मकोखा, मकोखा, तुमच्या चपातीचे पैसे कुणी फिलोमेना नेलिमा खातेय! तुम्ही ओळखता तिला?"

भाऊजींनी छाती काढली. खुर्ची खाली ठेवली. आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं गरजले, "फिलोमेना? कोण फिलोमेना? आमच्या घराण्यात असल्या नावाची बाई नाही! माझा तिच्याशी आणि तिच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही! बायकोची शप्पथ!"

बसवाल्यानंसुद्धा हॉर्न थांबवला.

अहो, लग्नात हेच पुढं उभे होते! चर्चमध्ये पाद्रीबुवांनी नाव मोठ्यानं वाचलं होतं! पण ऐकलंय कुणी? ह्यांचं लक्ष जेवणाकडे! मी पायरीवरून उतरले. ओळखपत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. म्हटलं, "भाऊजी, फिलोमेना म्हणजे मी. आणि ऐकलंत ना सगळ्यांनी? फिलोमेना नेलिमाच्या धंद्याशी ह्यांचा काडीचा संबंध नाही. शप्पथ घेतलीय माणसानं, तीही बायकोची!" मग जुन्या फोनातनं सिमकार्ड काढलं, एका बशीत गरम चपाती घातली, चपातीवर ते सिम ठेवलं आणि बशी त्यांच्या हातात दिली. "घ्या. तुमचं नाव तुम्हाला परत. आणि चपातीचे पैसे ह्या नंबरवर टाका."

हसले हो लोक! टॉर्चवाला तर शिटी मारत होता. आणि भाऊजींनी... टाकले पैसे! एकेक आकडा बघत नंबर टाकला. मी विचारलं, "नाव काय येतंय?" खाली बघून पुटपुटले, "फिलोमेना." मी म्हटलं, "दाबा." दाबलं.

गाडी माझी. जावई अजून रिकामाच आहे, खुर्ची घेऊन गेलाय म्हणतात कुठंतरी. आणि स्टँडवर आता रांगेत आवाज येतो, "फिलोमेना येतंय, दाब!" मला तेवढं पुरे.

म्हणजे... पुरे होतं. काल रात्री जेवायला बसणार, तर लिनेटच्या बाबांचा फोन, हद्दीवरनं. टुकटुकच्या टायरसाठी पैसे मागितले होते मी, नवा नंबर कळवला होता. घाबरेघुबरे झालेले. "अगं लिनेटची आई, बरं झालं विचारलं! पैसे पाठवतोय, पण कुणी फिलोमेना म्हणून येतंय. काय करू? रद्द करू?"

माझा हात उलथन्याकडे गेला. पण ट्रक होता हद्दीवर, उलथनं पोचणार कुठं? काय बोलायचं ह्या माणसाला? सांगा ना, काय बोलायचं?

म्हटलं, "दाबा हो. मी ओळखते तिला. चांगली बाई आहे."