इंजनाची टिकटिक

एटापल्लीत कय्यूमच्या गॅरेजवर हेमराज पंक्चर निघायची वाट पाहत बसला होता. तेवढ्यात मुखरूभाऊ मोटारसायकल ढकलत, घामाघूम होऊन आला. कय्यूमनं गाडी सुरू केली, पेचकसाचं टोक इंजनाला टेकवलं आन् मूठ कानाशी धरली.

"टिकटिकच ना भाऊ? टॅपेट ढिलं झालं. आत्ता कसून देतो."

"इंजन जाम होते का यानं?"

"छे! अशीच चंद्रपूरले जाऊन वापस येते."

"दोघं बसले तरी?"

"तिघं बसा ना! काऊन, कुठी अडकले होते का?"

"जंगलात. आवाज आला, मले वाटलं आता बंद पडते. मीच बंद केली. बायको मांगं बसून होती. तिले म्हटलं, इंजन थंडं होऊ दे, मंग निघू."

"कुठी चालले होते?"

"दवाखान्यात. तिले साप चावला होता. तिथीच गेली."

कय्यूमनं गाडी बंद केली.

"भाऊ, मी बराबर ऐकलो नाई. थांबा, पुन्हा पाहतो. जामच झाली असती बहुतेक."

"मलेई तसंच वाटे, कय्यूम. म्हणून तर गावापासून ढकलत आणली."