आत्या, मी संपले का?

अरे, सुनेचं कौतुक करतोय म्हणून हसू नका, आधी ऐका. डॉक्टरांनी मला इन्सुलिन सुरू करायला सांगितलं, तेव्हा माझी धाकटी बहीण शालू आंबिवलीहून ठाकुर्लीला आमच्याकडे आलेली. इंजेक्शन बघून ती म्हणाली, "दादा, हे घेऊ नकोस हं. एकदा सुरू झालं की माणूस संपलाच समज."

झालं! मी घाबरलो आणि इंजेक्शन बाजूला ठेवलं. मुलगा ओरडला, तरी मी काही ऐकेना.

तेवढ्यात सून अश्विनी हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने एक नवी सुई काढली, औषधाशिवाय नुसतीच स्वतःच्या पोटाला टोचली आणि विचारलं, "आत्या, मी संपले का?"

शालू एकदम रडायलाच लागली. "अगं, मलाही डॉक्टरांनी हेच सांगितलंय. भीतीने मी घरात कोणाला बोललेच नाही."

अश्विनीने त्या दिवशी मला इंजेक्शन घ्यायला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी शालूला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आज आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. शालूचा फोन आला की माझी तब्येत ती नंतर विचारते. आधी म्हणते, "दादा, अश्विनी जेवली का रे?"