उसने डोळे

माझ्या हातून एक गाढवपना झाला तो आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला शहानी समजून सगळं लिहून घ्याल आनि फसाल. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढताना एका रेघेचं टोक दुसऱ्या रेघेच्या टोकाला बरोब्बर चिकटावं म्हनून एक सोय असते, ओस्नॅप म्हनतात तिला. माउस टोकाजवळ नेला की तिथं एक छोटा चौकोन उजळतो, क्लिक केलं की रेघ तिथंच बसते, केसाचा फरक नाही. तर मी काय ऐकलं, उसनॅप. शिकवनारे सर भराभर बोलायचे, मला वाटलं ज्यांना स्वतःला नीट दिसत नाही त्यांनी कॉम्प्युटरचे डोळे उसने घ्यायचे, ते उसनॅप. आनि मी, सुनंदा, मी कशाला कोनाचे डोळे उसने घेते. बंद केलं ते बटन आनि सहा वर्षं बंदच ठेवलं. हसा, हसा, मी पन हसते आता. पन त्यापायी एका म्हाताऱ्या मानसाला घरी बसावं लागलं, तेवढं ऐकून घ्या.

आमचं मूळचं घर वसईकडं, कामणच्या अलीकडं, खाडीकाठी. भातशेती. भरतीचं खारं पानी शेतात येऊ नये म्हनून बाप बांध घालायचा, आनि बांध घातला की आम्हा पोरांना त्यावरून चालवायचा, पायाला कुठं ओल लागते का बघा म्हनायचा. बोटभर भोक राहिलं तरी अख्खं शेत खारं. हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक, म्हंजे अक्कल घरातच होती, मीच ती कामाला नेली नाही. शाळेत गनितात जेमतेम, पन रेघ सरळ. मास्तर म्हनाले हिला ड्राफ्ट्समनचा कोर्स करू द्या, बाप म्हनाला पोरीनं रेघा मारून काय करायचं, आई म्हनाली चुलीपुढं बसून तरी काय करायचंय. झाला कोर्स.

वालीवला एका वर्कशॉपात लागले तेव्हा मी एकवीसची. तेव्हा बोर्ड होता, टी-स्क्वेअर, शाईचं पेन, चुकलं की पात्यानं खरवडायचं. माझं खरवडायची वेळ यायची नाही. शेठ गिऱ्हाइकाला माझा कागद उजेडापुढं धरून दाखवायचे, आमच्या बाईंची रेघ बघा, आनि मी मागं उभी, नाक असं वर की पावसात बुडले असते. काय सांगू तुम्हाला, त्या बाईला आता भेटले तर कान पिळीन तिचा.

तिथं सावंतमामा होते. फिटर. मूळचे कोकनातले, राहायला विरारला फुलपाड्यात. पहिल्याच दिवशी मी प्रिंट उलटी धरून त्यांना समजावून सांगत होते, ते सगळं ऐकून घेऊन म्हनाले, बाय, आता सुलटी करून परत एकदा सांग. तेव्हापासून ते माझे मामा. त्यांची एक पद्धत होती, कागदावरची रेघ कधी मोजायचे नाहीत, आकडा वाचायचे. आकडा एकशेवीस तर भोक एकशेवीसवर, मग रेघ कशीही असो.

आनि नेमकं हेच माझ्या पथ्यावर पडलं. कॉम्प्युटर आला तेव्हा मी दोन पोरांची आई. उसनॅप बंद, त्यामुळं मी नुसत्या नजरेनं टोकाला टोक लावायची. पडद्यावर एकदम जुळलेलं दिसायचं. मग त्या रेघेचं माप मागितलं की कॉम्प्युटर लिहायचा एकशे एकोनीस पूर्नांक बासष्ट. मला राग यायचा, म्हनायचे याला मोजता येत नाही. मग मी काय करायची, तो आकडा पुसायची आनि हातानं टाइप करायची, एकशेवीस. कागद छापून मामांकडं, मामा एकशेवीस वाचनार, एकशेवीसवर भोक पाडनार, जॉब बरोबर. सहा वर्षं. माझं खोटं मामांच्या हातात जायचं आनि खरं होऊन बाहेर यायचं, आनि शाबासकी मला.

मग शेठनी पत्रे कापायचं काम कामणला लेझरवाल्याकडं द्यायला सुरुवात केली. कागद नाही न्यायचा, सरळ फाइल पाठवायची. आता ते मशीन काही आकडा वाचत नाही, ते रेघेवरून चालतं. हे मला कळायला हवं होतं का नाही? हवं होतं. कळलं का? छे.

पॅकिंग मशीनच्या चाळीस गोल प्लेटी होत्या, प्रत्येकीला सहा भोकं. त्या प्लेटी ज्याच्यावर बसायच्या ते खालचे गोल तुकडे मामांनी हातानं केलेले, भोकं पाडून तयार. प्लेटी आल्या, बोल्ट टाकायला घेतले, दोन गेले, तिसरा अडला. दुसरी प्लेट, तेच. चाळीसच्या चाळीस तेच. मामांनी व्हर्नियरनं मोजलं, प्लेट कमी भरते म्हनाले, माझा तुकडा बरोबर आहे. शेठ म्हनाले मशीन चुकतं काय मामा, मशीनला मोतीबिंदू होत नाही. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. पोरं हसली. मामांनी परत मोजलं, परत तेच सांगितलं, पन या वेळी जरा हळू.

शेठनी मला बोलावलं, सगळ्यांपुढं विचारलं, बाई, तुमचं ड्रॉइंग? मी कागद पुढं केला, आकड्यावर बोट ठेवलं. एकशेवीस. शेठ म्हनाले, बघा. आनि मामांना म्हनाले, थोडे दिवस घरी आराम करा, डोळा नीट होऊ दे. मामांनी हात पुसले, व्हर्नियर त्यांचं स्वतःचं होतं, ते डब्यात ठेवलं, डबा पिशवीत टाकला आनि गेले. माझ्याकडं बघितलंही नाही, म्हंजे रागानं नाही, त्यांना माझा संशयच नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी फाइल उघडली. का उघडली ठाऊक नाही. समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर कॉम्प्युटरला विचारलं, म्हनाला एकशे एकोनीस पूर्नांक अडतीस. आनि त्याच्याच वर मी टाइप केलेलं एकशेवीस. चहा गार झाला माझा.

तुम्हाला वाटेल लगेच उठून सांगितलं असेल. नाही सांगितलं. पोरांच्या पोटासाठी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं, मी नाकासाठी गप्प बसले. बाईंची रेघ, बाईंची रेघ, तेवढ्यासाठी. चार दिवस. फाइल दुरुस्त करून ठेवली गुपचूप, म्हटलं पुढच्या वेळी बरोबर येईल, मामा येतील परत, डोळा बरा झाला म्हनतील सगळे. एवढी अक्कल चालवली मी.

चौथ्या दिवशी कामणहून लेझरवाल्याचा फोन आला, दुसऱ्याच एका जॉबसाठी. बाई, तुमच्या आउटलाइनला कोपऱ्यात फट आहे, मशीन तिथं येऊन थांबतंय, मी इथून जोडून घेऊ काय? अगदी सहज विचारलं त्यानं. मी म्हटलं, कुठल्या कोपऱ्यात? तो म्हनाला, चारी. मी फोन ठेवला आनि मला आमचा बांध दिसला, चारी कोपरे फुटलेला, आनि त्यावरून मी ऐटीत चालतेय, पाय भिजलेत तरी म्हनतेय ओल नाही.

तशीच उठून शेठकडं गेले, सांगितलं. वाटलं ओरडतील, काढून टाकतील. ते म्हनाले, अच्छा, ड्रॉइंगमध्ये होतं काय, ठीक आहे, करेक्ट करा, पार्टीला काही बोलू नका, मामाला सांगा उद्यापासून या. आनि फोन घेतला. बस, एवढंच. एका मानसाचा डोळा त्यांनी चार दिवसांपूर्वी काढून घेतला होता आनि आता असा परत दिला, जसा पेन परत देतात.

मग त्याच दुपारी फुलपाड्याला गेले. ते सांगतेच, पन आधीचं उरकते, कारन त्यानंतर मला काही बोलवत नाही. मामा परत कामावर आले नाहीत. मी जाऊन जाऊन सांगितलं, शेठनी पन मानूस पाठवला, नाही म्हनाले, आता पुरे. मी मात्र सहा वर्षांच्या सगळ्या फाइली उघडल्या आनि एकेक रेघ ओस्नॅप लावून परत काढली, वर्ष गेलं त्यात. कोनी सांगितलं नव्हतं. आता मी घरी असते, वसईलाच, गुडघे कुरकुरतात. नात डिप्लोमाला आहे, तिच्या मैत्रिनी ड्रॉइंग घेऊन माझ्याकडं येतात, मी आधी आकड्यावर क्लिक करून बघते टाइप केलाय की खरा आहे, आनि टाइप केलेला सापडला की अशी झापते की पोरी म्हनतात आजी एवढ्याशानं काय होतं. सुखी राहा म्हनते, तुम्हाला न कळो. मामा तीन वर्षांपूर्वी गेले.

तर फुलपाडा. मामी दार उघडून आत गेल्या. मामा खिडकीपाशी पाटावर बसलेले, मांडीवर व्हर्नियर, समोर एक ड्रिल, म्हंजे भोक पाडायची ती सुटी सळी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, मामा, चूक माझी होती, तुमचं माप बरोबर होतं, मला चार दिवस ठाऊक होतं. रडले पन, ते सोडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ड्रिल उचलून माझ्या हातात दिलं आनि म्हनाले,

"हे बारा एमएमचं आहे, बाय. चार दिवस मोजतोय. दर खेपेला बाराच येतं, आणि दर खेपेला मला वाटतं, मलाच चुकीचं दिसतंय. तू मोज बघू."