कोल्ह्याचं तोंड

तुम्ही म्हणता, प्राणी वाचवायचा म्हणजे लय अवघड काम. तसं काही नसतं. अवघड असतात ती माणसं.

आमची वन्यजीव संस्था राज्यभर पसरलेली, पण परभणीत म्हणजे मी आणि माझी मोटारसायकल. एकदा राणीसावरगावहून काशिनाथमामांचा फोन आला, "आमच्या हिरीत कोल्हा पडलाय." गेलो. बाजेच्या चारी पायांना दोर बांधून ती विहिरीत सोडली. कोल्हा कपारीत भिजून बसलेला, पार दमलेला, पण बाजेवर येईना. कारण वरून अख्खं गाव डोकावत होतं. कोल्ह्याचं तोंड बघितलं की नशीब उघडतं ना. एक जण तर लग्न जमत नसलेल्या पोराला घेऊन आला होता.

"लांब व्हा, तो घाबरायलाय," मी सांगून थकलो. एका बाजूनं हटायचे, दुसऱ्या बाजूनं यायचे.

शेवटी मामा म्हणाले, "बघून झालं त्यानं घरी जावं. दुसऱ्यांदा बघितलं की उलटं होतं."

काठ रिकामा झाला. कोल्हा गुपचूप बाजेवर चढला, वर आला आणि तुरीत पसार झाला.

"खरंच उलटं होतं का?" मी विचारलं.

"काय की. आत्ताच सुचलं."

मामींनी चहा आणला. मामा घोट घेत म्हणाले, "पर त्या बिचाऱ्यानं सकाळी कुणाचं तोंड बघितलं असंल, म्हणून हिरीत पडलं?"

मामी म्हणाल्या, "पहाटं हिरीवर मोटार चालू करायला तुमीच येता की."